पडणाऱ्यांची यादी आणि ‘सुरक्षित’चा शिक्का

४ जुलै २०२४ च्या रात्री ब्रिटनमध्ये मजूर पक्ष चारशे जागांच्या पुढे निघाला होता. त्याच रात्री त्या पक्षाची बाजू रोज टीव्हीवर मांडणारे जॉनथन ॲशवर्थ लेस्टर साउथ या आपल्या मतदारसंघात पडले. मागच्या निवडणुकीत त्यांचं मताधिक्य २२ हजारांहून अधिक होतं. या वेळी एका अपक्षाने त्यांना ९७९ मतांनी हरवलं. प्रचाराच्या काळात ‘कोण पडणार’च्या ज्या याद्या छापून येत होत्या, त्यांचा सगळा रोख हुजूर पक्षाच्या मंत्र्यांवर होता. ते साहजिकही होतं, लाट त्यांच्याच विरोधात होती. पण जिंकत असलेल्या पक्षाचा, उद्याच्या सरकारात ज्याचं स्थान गृहीत धरलं जात होतं असा माणूस घरच्या मैदानात हरतोय, याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

निवडणुकीच्या भाकितांवर टीका होते ती बहुधा एकाच अंगानं. अमुक पडणार म्हणालात, ते तर निवडून आले! मला ही चूक फार मोठी वाटत नाही. ‘हे पडणार’ असं सांगितलं आणि ते तरले, तर त्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. उलट त्या मतदारसंघाकडे चार लोकांचं लक्ष तरी गेलेलं असतं. ‘ही जागा सुरक्षित आहे’ असं सांगून तिथल्या उमेदवाराकडे आणि मतदारांकडे पाठ फिरवणं हे जास्त घातक आहे, आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही. भाकीत करणाऱ्यांनी नावांच्या याद्या करणं थांबवावं आणि प्रत्येक जागेबद्दल, अगदी बालेकिल्ल्याबद्दलही, शक्यतेच्या भाषेत बोलावं असं मला वाटतं. हा मुद्दा निव्वळ गणिताचा नाही. निवडून आलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात ‘आपण पडू शकतो’ ही जाणीव जिवंत राहिली पाहिजे, आणि ती जिवंत ठेवण्याचं किंवा मारण्याचं काम ही भाकितं करत असतात.

आधी एक गोष्ट मान्य करू. मोठी माणसं पडताना बघण्यात लोकांना जो रस असतो, त्याला हिणवण्याचं काही कारण नाही. पाच वर्षं ज्याच्या दारात ताटकळावं लागतं, तो त्या रात्री मंचावर इतर उमेदवारांच्या रांगेत उभा असतो आणि निवडणूक अधिकारी आडनावांच्या क्रमाने मतं वाचून दाखवत असतो. त्या दोन मिनिटांत मंत्रिपद, अंगरक्षक, पक्षातलं वजन यांतलं काहीही कामाला येत नाही. १९९७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री मायकेल पोर्टिलो एन्फिल्ड साउथगेटमध्ये असेच उभे होते. हुजूर पक्षाचे पुढचे नेते म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. १९९२ मध्ये त्यांचं मताधिक्य १५ हजारांवर होतं. स्टीफन ट्विग या तरुण उमेदवाराने त्यांना १,४३३ मतांनी पाडलं. ‘पोर्टिलो पडले तेव्हा तुम्ही जागे होतात का?’ हा प्रश्न तिथे पुढे कित्येक वर्षं विचारला जात होता. लोकांना त्यात आनंद झाला, आणि तो आनंद मला लोकशाहीच्या तब्येतीसाठी चांगलाच वाटतो. रक्ताचा थेंब न सांडता सत्ताधीश खाली उतरतो, यासाठी जगात किती पिढ्या झगडल्या आहेत.

मात्र पोर्टिलोंच्या पराभवातच भाकितांचा पहिला मोठा दोष दिसतो. तोपर्यंत अंदाज बांधायची सर्वमान्य रीत म्हणजे देशभर मतं जेवढी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे झुकली, तेवढीच प्रत्येक मतदारसंघात झुकली असं धरायचं. डेव्हिड बटलर या अभ्यासकानं ही ‘झुकावा’ची कल्पना रूढ केली आणि टीव्हीवर तिचा तो प्रसिद्ध मोठा काटा आला. काटा इतका सरकला की इतक्या जागा गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन पक्षांच्या ब्रिटनमध्ये हा हिशेब बराच जुळायचा. पण १९९७ मध्ये देशभरातला झुकाव साधारण १० टक्क्यांचा होता, आणि पोर्टिलोंच्या जागेवर तो १७ टक्क्यांच्या वर गेला. सरासरी काट्याप्रमाणे ते तरायला हवे होते. मतदानाच्या काही दिवस आधी एका रविवारच्या वृत्तपत्राने या एकाच मतदारसंघाची चाचणी छापली आणि तिथली आघाडी फक्त तीन टक्क्यांची निघाली, तेव्हा कुठे लोकांचे कान टवकारले. म्हणजे माहिती मिळवता येत होती. ती मिळवण्यासाठी त्या जागेवर जाऊन विचारायला मात्र हवं होतं.

आता प्रत्येक जागेवर जाऊन विचारणं कुणालाच परवडत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत दुसरी रीत आली आहे. देशभरातल्या हजारो लोकांना विचारायचं, त्यांचं वय, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, मागच्या वेळी मत कुणाला दिलं, हे टिपायचं. मग अशा-अशा माणसाचा कल काय असतो ते काढून, कुठल्या मतदारसंघात अशी माणसं किती आहेत त्यावरून तिथला अंदाज बांधायचा. २०१७ मध्ये यूगव्ह या संस्थेने या पद्धतीने अंदाज दिला की हुजूर पक्षाचं बहुमत जाईल. त्या अंदाजाची पुष्कळ टिंगल झाली. कँटरबरीसारखी, पहिल्या महायुद्धानंतर सलग हुजूर पक्षाकडे असलेली जागा मजूर पक्षाकडे जाऊ शकते असं तो सांगत होता! ती जागा खरोखर गेली, १८७ मतांनी. बहुमतही गेलं.

त्यानंतर या पद्धतीवर सगळ्यांच्याच उड्या पडल्या. जून २०२४ मध्ये एकाच आठवड्यात तीन संस्थांनी याच रीतीने हुजूर पक्षाला अनुक्रमे ५३, १०८ आणि १५५ जागा दिल्या. ज्यांनी ५३ दिल्या, त्यांच्या हिशेबात पंतप्रधान ऋषी सुनक स्वतःच्या जागेवर पडत होते. त्याचे मथळे झाले. प्रत्यक्षात पक्षाला १२१ जागा मिळाल्या आणि सुनक १२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. अर्थमंत्री जेरेमी हंट तर बहुतेक सगळ्या याद्यांत पडलेलेच होते. ते ८९१ मतांनी तरले.

इथे जरा थांबायला हवं. हंट तरले म्हणजे भाकीत चुकलं का? हंट पडण्याची शक्यता दहात सात आहे असं कुणी म्हटलं असेल, तर तो माणूस तरला तरी अंदाज खोटा ठरत नाही. दहातले तीन वेळा असंच व्हायचं असतं. पण बातमीत ‘दहात सात’ उरत नाही. बातमीत उरतं ते ‘हंट पडणार’. अभ्यासक शक्यता सांगतो, संपादक तिचा निकाल करून छापतो, आणि वाचकाच्या हाती जे येतं ते मूळ अंदाजापेक्षा वेगळंच काहीतरी असतं.

हे नुसतं बारकाव्याचं भांडण नाही. ब्रिटनमध्ये रात्री दहाच्या ठोक्याला मतदानोत्तर चाचणीचे आकडे जाहीर होतात, त्यांच्यामागचं तंत्र बघितलं की हे लक्षात येतं. निवडक मतदान केंद्रांबाहेर लोक नकली मतपत्रिका भरून देतात, मागच्या निवडणुकीत जिथे विचारलं होतं बहुतांशी तिथेच पुन्हा विचारलं जातं, आणि फरक किती पडला त्यावरून प्रत्येक जागेवर प्रत्येक पक्षाची जिंकण्याची शक्यता काढली जाते. शेवटी या शक्यतांची बेरीज होते. समजा एका पक्षाच्या दहा जागा अशा आहेत की प्रत्येक पडण्याची शक्यता ३० टक्के आहे. एकेका जागेचा निकाल लावत बसलात तर दहाही जागा ‘राहणार’ अशीच नोंद होईल, कारण ३० टक्के हे ५० पेक्षा कमी. आणि तुमचा अंदाज तीन जागांनी चुकेल. शक्यतांची बेरीज करणारा मात्र सांगेल की या दहांतल्या तीन जाणार आहेत. कुठल्या तीन, ते मला सांगता येत नाही. हे प्रामाणिक वाक्य आहे. आणि हीच पद्धत एकूण आकडा इतका जवळ नेते की २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१० जागा सांगितल्या गेल्या आणि मिळाल्या ४११. त्याच चाचणीत रिफॉर्म पक्षाला १३ जागा दाखवल्या होत्या, मिळाल्या ५. एकूण चित्र बरोबर आलं म्हणजे त्यातला प्रत्येक चेहरा बरोबर आला असं होत नाही.

म्हणून ‘पडणाऱ्यांची यादी’ या प्रकारातच खोट आहे. यादीत नाव असतं किंवा नसतं. मधली जागा नाही. वर सांगितलेल्या दहा जणांतला एकही यादीत येणार नाही, आणि त्यांतले तिघे पडणार आहेत. सकाळी त्या तिघांना ‘धक्कादायक निकाल’ म्हटलं जाईल. त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं.

यादी करणाऱ्यांचा आणखी एक समज असतो, की पक्ष आणि माणूस एकत्रच बुडतात किंवा एकत्रच तरतात. १९९२ मध्ये हुजूर पक्षाने अनपेक्षित विजय मिळवला आणि त्या विजयाची आखणी करणारे पक्षाध्यक्ष ख्रिस पॅटन स्वतः बाथमध्ये हरले. २०२१ मध्ये पश्चिम बंगालात तृणमूल काँग्रेसला दोनशेहून अधिक जागा मिळाल्या, पण ममता बॅनर्जी नंदीग्राममध्ये १,९५६ मतांनी पडल्या. पुढच्याच वर्षी उत्तराखंडात भाजपने सत्ता राखली, मुख्यमंत्री पुष्करसिंह धामी खटिमातून हरले. या सगळ्या ठिकाणी मतदारांनी दोन वेगळे निर्णय घेतले होते: सरकार कुणाचं हवं हा एक, आणि हा माणूस हवा का हा दुसरा. मतदार इतका बारीक विचार करतो. त्याच्या एका मताकडे देशाच्या हवेचा एक ठिपका म्हणून पाहणं हा मला त्याचा अपमान वाटतो.

ॲशवर्थ यांचा पराभव हिशेबात का बसला नाही, हेही पाहण्यासारखं आहे. गाझातल्या युद्धाबद्दल पक्षाने घेतलेल्या भूमिकेवरून लेस्टरच्या मुस्लीम मतदारांत तीव्र नाराजी होती आणि ती एका अपक्षाच्या मागे एकवटली. देशभराच्या चाचणीत ही मतं ‘इतर’ या रकान्यात जातात. देशाच्या पातळीवर ‘इतर’ म्हणजे चिल्लर. त्या एका मतदारसंघात मात्र तोच रकाना पहिल्या क्रमांकावर होता. शेजारच्या लेस्टर ईस्टमध्ये मजूर पक्षाची जुनी मतं पक्षाचा उमेदवार आणि दोन माजी खासदार अशा तिघांत फुटली आणि हुजूर पक्षाला त्या अख्ख्या निवडणुकीत मजूर पक्षाकडून हिसकावलेली एकमेव जागा मिळाली. मतविभागणी, स्थानिक राग, बदललेल्या हद्दी, नव्यानं राहायला आलेले लोक ही सगळी कारणं जमिनीवरची आहेत. ती मोजायला मॉडेल अपुरं पडतं, पण गावात फिरणाऱ्या बातमीदाराला ती दिसतात. आणि बातमीदार तिथे का फिरत नाही? कारण ती जागा ‘सुरक्षित’ यादीत आहे.

इथेच मला राग येतो. जागेवर हा शिक्का बसला की तिच्या वाट्याला काय येतं बघा. पक्ष पैसा आणि कार्यकर्ते चुरशीच्या जागांकडे वळवतात. मोठ्या नेत्यांच्या सभा तिकडे होतात. विरोधी पक्ष नवखा किंवा नावापुरता उमेदवार देतो. माध्यमं फिरकत नाहीत. निवडून येणाऱ्याला कुणी अवघड प्रश्न विचारत नाही. आणि मतदाराला, तोंडावर कुणी म्हणत नसलं तरी, सांगितलं जातं की तू आलास काय नि न आलास काय, सारखंच. अशा जागांवर मतदानाचा टक्का सहसा कमी असतो याचं नवल वाटायला नको. मग त्या कमी टक्क्यावरून आणि जुन्या मताधिक्यावरून पुढच्या वेळचं भाकीत होतं: सुरक्षित. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करत जातं, आणि एक दिवस अचानक फसतं.

किती जोरात फसतं याचं उदाहरण म्हणजे साउथ वेस्ट नॉरफोक. २०१९ मध्ये लिझ ट्रस यांचं मताधिक्य २६ हजारांवर होतं. मधल्या काळात त्या पंतप्रधान झाल्या आणि पन्नास दिवसांत पायउतार झाल्या. २०२४ मध्ये त्या ६३० मतांनी पडल्या. अमेरिकेत २०१४ साली प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर पक्षांतर्गत उमेदवारीच्या लढतीतच हरले. त्यांच्या स्वतःच्या चाचणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. समोर अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक होता, ज्याच्याकडे पैसा जवळपास नव्हता. ऑस्ट्रेलियात बेनलाँगची जागा १९४९ मध्ये निर्माण झाली तेव्हापासून लिबरल पक्षाकडे होती. हद्दी बदलत गेल्या, स्थलांतरितांची वस्ती वाढत गेली, आणि २००७ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनाच ती गमवावी लागली. कॅनडात २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते पिएर पोलिएव यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलेला ओटावाजवळचा कार्लटन साडेचार हजारांच्या आसपास मतांनी गेला. या प्रत्येक जागेवर शेवटपर्यंत काही माणसं दारोदार फिरत होती. त्यांना कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं एवढंच.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: असली भाकितं बंदच करा. न्यूझीलंडमध्ये मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत मतदारांवर परिणाम करेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून सगळ्या टप्प्यांचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी जाहीर करायला मनाई आहे. मतदान चालू असताना अर्धामुर्धा निकाल फोडू नये, हे मला पूर्ण पटतं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यांतले अंदाजही बंद करावेत हे पटत नाही. बंदीने अंदाज थांबत नाहीत. ते फक्त पक्षांच्या बंद खोल्यांत राहतात. कुठली जागा सोडून द्यायची, कुठे ताकद लावायची, याचे कागद प्रत्येक पक्षाकडे असतातच. मतदारालाही तेवढं कळायला हवं. आपल्या जागेवर चुरस आहे हे माहीत असेल तर तो दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मत द्यायचं की नाही याचा विचार करू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शक्यता सांगूनही लोक ती निकालासारखीच वाचतात. ‘ऐंशी टक्के’ म्हणजे ‘झालंच’ असं धरतात. खरं आहे. पण त्याचा उपाय आकडा दडवणं हा नाही. आकड्याबरोबर कारण द्यावं. ‘या जागेवर पडण्याची शक्यता पाचात एक आहे, मागचं मताधिक्य मोठं आहे, पण हद्द बदलली आहे आणि एका बंडखोराला ऐकून घेतलं जातंय.’ हे वाचून कुणी घरी बसणार नाही. पाचात एक ही शक्यता क्षुल्लक नसते, हे एकदा सवयीनं कळलं की त्या पाचव्या निकालाला कुणी चमत्कार म्हणणार नाही.

माणूस पडण्याची शक्यता काही ठिकाणी नियमांनीच बोथट केलेली असते, हेही विसरता येत नाही. जपानमध्ये उमेदवार मतदारसंघात हरला तरी पक्षाच्या यादीतून प्रतिनिधीगृहात परत येऊ शकतो. निव्वळ यादीपद्धत असेल, म्हणजे मत माणसाला न देता पक्षाच्या यादीला द्यायचं असेल, तर वरच्या क्रमांकावरचा नेता पडतच नाही, पक्ष कितीही आपटला तरी. पोलिएव यांच्यासाठी एका सहकाऱ्याने आपली भक्कम जागा रिकामी केली आणि काही महिन्यांतच ते पोटनिवडणुकीतून संसदेत परतले. हे सगळं कायदेशीर आहे, आणि पक्षाच्या दृष्टीने समजण्यासारखंही. पण कार्लटनच्या मतदारांनी दिलेला निर्णय एवढ्या लवकर वळसा घालून ओलांडता यावा, हे मला खटकतं.

भाकीत करणाऱ्यांकडून मला जे हवं आहे ते फार अवघड नाही. प्रत्येक जागेसाठी शक्यता छापा, एकाही जागेसाठी शून्य छापू नका. निकालानंतर महिन्याभरात हिशेब मांडा: ज्या जागांना तुम्ही २० टक्के शक्यता दिली होती, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या जागा पडल्या का? जास्त पडल्या असतील तर तुम्ही बालेकिल्ल्यांच्या जुन्या नावांवर भाळलात. एकही पडली नसेल तर तेही चूकच, कारण मग तुम्ही उगाच भीती घातलीत. आज हा हिशेब अभ्यासकांच्या वर्तुळात होतो. तो मथळ्यांइतकाच ठळक छापला गेला पाहिजे. आणि निकालाच्या रात्री स्टुडिओत बसलेल्यांनी थोडा धीर धरावा. ऑस्ट्रेलियात मे २०२५ मध्ये ग्रीन्स पक्षाचे नेते ॲडम बँट मेलबर्नची जागा हरले, पण मतदानाच्या रात्री ते कुणालाच ठामपणे म्हणता येत नव्हतं. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो. त्या पसंतीक्रमांची मोजणी चालू राहिली आणि पाच दिवसांनी त्यांनी पराभव मान्य केला. ते पाच दिवस मोजणीच्या टेबलांवर मेलबर्नच्या लोकांनी लिहिलेले दुसरे-तिसरे क्रमांक एकेक करून वाचले जात होते, आणि निकाल त्यांनीच ठरवला.